अनुभवाचा रकाना कोरा ठेवू नका

यवतमाळ जिल्ह्यातले कळंब असो, राळेगाव असो की बाभूळगाव, बहुतेक मुलांचा पहिला बायोडाटा झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात तयार होतो. संगणकात आधीच्या कुणाचा तरी नमुना असतो. नाव, पत्ता आणि टक्केवारी बदलली की दहा मिनिटांत छापील कागद हातात पडतो. छंद ठरलेले: वाचन, क्रिकेट, संगीत. गुणही ठरलेले: प्रामाणिक, मेहनती, वक्तशीर. अनुभवापुढे एकच शब्द असतो, ‘फ्रेशर’. पालकांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. “आमच्या पोराले कायचा अनुभव? कालेजातच तं होता,” असे ते सहज म्हणून जातात.

पण याच पोराने सुट्टीत जिनिंगवर पावत्या फाडलेल्या असतात. याच पोरीने आईच्या बचत गटाचे रजिस्टर सांभाळलेले असते. एका ठिकाणी शिकलेले आणि दुसऱ्या ठिकाणी तसेच कामी येणारे हे कौशल्य नोकरी देणाऱ्याला हवेच असते. कागदावर ते उतरत नाही, म्हणून मुलाखतीचे बोलावणे येत नाही.

बायोडाटा कुठे चालतो?

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. तलाठी, पोलीस शिपाई, लिपिक अशा सरकारी भरतीत निवड परीक्षेतल्या आणि चाचणीतल्या गुणांवर होते. तिथे सुंदर बायोडाट्याने काही साधत नाही. तो उपयोगी पडतो खासगी कंपन्या, रुग्णालये, पतसंस्था, सूक्ष्म वित्त कंपन्या, सामाजिक संस्था, अप्रेंटिसशिप आणि मुलाखतीवर भरल्या जाणाऱ्या कंत्राटी जागांसाठी. कळंबच्या मुलांसाठी यांतली बरीच कामे यवतमाळ, वर्धा, बुटीबोरी आणि नागपूरच्या मिहान प्रकल्पात आहेत. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–कळंब रेल्वेमार्ग सुरू झाला. त्यामुळे मुंबई–हावडा मुख्य मार्गावरचे वर्धा आणखी जवळ आले.

आपल्याच गावातली कामे तपासून पाहा

कापसापासून सुरुवात करू. भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) कापूस घेते तेव्हा त्याची आर्द्रता मोजली जाते. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव मिळतो, १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते आणि त्यापुढे माल नाकारला जातो. अशा केंद्रावर किंवा जिनिंगवर हंगामभर थांबलेला मुलगा गाड्यांचा क्रम लावतो, वजनपावती तपासतो, संध्याकाळी पावत्यांचा ताळा जुळवतो आणि माल नाकारला म्हणून चिडलेल्या शेतकऱ्याशी शांतपणे बोलतो. गोदामातली आवक-जावक, कारखान्यातली गुणवत्ता तपासणी आणि कुरिअरची छाननी यांत नेमकी हीच कामे असतात.

बचत गटाचे घ्या. बैठकीचे इतिवृत्त, प्रत्येक सभासदाची बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, हप्ता आणि बँकेतला भरणा, हे सारे गटातली शिकलेली मुलगीच लिहिते. पतसंस्थेला किंवा सूक्ष्म वित्त कंपनीला अशीच माणसे लागतात.

श्रीचिंतामणीच्या मंदिरात चतुर्थीला होणारी गर्दी कळंबला नवी नाही. रांगेचे नियोजन, चुकलेल्या मुलांना आईवडिलांपर्यंत पोचवणे, वृद्धांना वाट करून देणे ही स्वयंसेवकाची कामे रुग्णालयाच्या स्वागतकक्षाला आणि मोठ्या हॉटेलला मोलाची वाटतात. २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा झाली. तिच्या प्रशिक्षणात ज्या तरुणांनी जमिनीचा उतार मोजायला, बांध आखायला आणि गावाला श्रमदानासाठी उभे करायला शिकून घेतले, त्यांनी मोजणी आणि माणसे जोडणे ही दोन्ही कामे प्रत्यक्ष केली आहेत.

आणखी एक ठेवा बहुतेक जण कागदावर आणतच नाहीत, तो म्हणजे भाषा. यवतमाळ जिल्ह्यात कोलामी, गोंडी आणि बंजारा बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. कोलाम हा राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक आहे. आरोग्य, शिक्षण, बँकिंग किंवा सामाजिक संस्थेसाठी कोलामांच्या पोडावर (वस्तीवर) आणि बंजारा तांड्यावर जाऊन लोकांच्या भाषेत बोलणारा कार्यकर्ता सहज मिळत नाही. घरात कोलामी बोलत असाल, तर मराठी आणि हिंदीच्या ओळीतच ‘कोलामी (मातृभाषा)’ असे ठळक लिहा. त्यात संकोच नको.

एक ओळ लिहायची कशी?

प्रत्येक ओळीत तीन गोष्टी याव्यात: काय केले, किती केले आणि त्यातून काय झाले. ओळीची सुरुवात कामापासून करा, स्वतःच्या स्तुतीपासून नको. हे नमुने पाहा.

आधी: ‘नेतृत्वगुण आहेत.’
नंतर: ‘राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात १२ विद्यार्थ्यांच्या गटाचे रोजचे काम वाटून दिले व अहवाल लिहिला.’

आधी: ‘हिशेबात चांगली.’
नंतर: ‘दोन वर्षे महिला बचत गटाच्या १० सभासदांची बचत व कर्जाची नोंदवही लिहिली, दरमहा बँक पासबुकाशी ताळा जुळवला.’

आधी: ‘दुकानात मदत केली.’
नंतर: ‘कृषी केंद्रात खरीप हंगामात बियाणे व खताचा साठा नोंदवला, बिले केली, शेतकऱ्यांच्या शंकांची उत्तरे दिली.’

यातले आकडे केवळ नमुन्यासाठी आहेत. तुमच्या कागदावर तुमचे खरे आकडे हवेत. आकडा आठवत नसेल तर तो न लिहिता काम लिहा. मुलाखतीत दुसरा प्रश्न त्या आकड्यावरच येतो आणि फुगवलेला आकडा तिथे टिकत नाही.

यानंतर जाहिरात पुढे ठेवून तिच्यातले शब्द पाहा. ‘साठा व्यवस्थापन’, ‘ग्राहक सेवा’, ‘डेटा एन्ट्री’ असे शब्द असतील आणि ते काम तुम्ही खरोखर केले असेल, तर तुमच्या ओळीत तोच शब्द वापरा. अनेक मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली चाळणी संगणक करतो आणि तो जाहिरातीतले शब्द शोधतो. म्हणून एकच बायोडाटा दहा ठिकाणी पाठवू नका. नोकरीप्रमाणे ओळींचा क्रम बदला. सुरुवातीला एक पान पुरे. धर्म, जात, वडिलांचे उत्पन्न आणि वजन-उंची मागितल्याशिवाय देऊ नका.

सांगितलेल्याला पुरावा जोडा

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचे नियमित काम असते. त्याचे प्रमाणपत्र महाविद्यालयातून घ्या. एनसीसीचे ‘बी’ किंवा ‘सी’ प्रमाणपत्र, एमएस-सीआयटी आणि टंकलेखनाचा वेग वेगळ्या ओळीत लिहा. दुकानदार, गटाच्या अध्यक्षा किंवा सरपंच यांच्याकडून कामाचे स्वरूप आणि कालावधी सांगणारे चार ओळींचे पत्र मागा. अशी पत्रे मिळतात, मागायचे मात्र आपल्यालाच असते. गवंडीकाम, शिवणकाम, वायरिंग यांसारखे काम शाळेबाहेर शिकलेल्यांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वज्ञानाला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची सोय करण्यात आली आहे.

अजिबातच अनुभव नसेल तर तो मिळवण्याचे मार्ग आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनासह प्रशिक्षण मिळते. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत बारावी उत्तीर्णांना महिना ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरवले गेले. सध्या कोणत्या जागा खुल्या आहेत, ते महास्वयम संकेतस्थळावर पाहा.

स्पर्धा परीक्षेत गेलेली वर्षे

तीन-चार वर्षे परीक्षांची तयारी करून निवड न झालेली मुले तो काळ कागदावरून पुसून टाकतात. मग मुलाखतीत त्या रिकाम्या वर्षांवरच बोट ठेवले जाते. ती वर्षे सरळ लिहा: ‘२०२१ ते २०२४, राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी.’ त्याखाली त्या काळात केलेले प्रत्यक्ष काम द्या. दहावीच्या मुलांची शिकवणी घेतली असेल, अभ्यासिकेची व्यवस्था पाहिली असेल किंवा शेती सांभाळली असेल, तर ते सांगा. कायदा, अर्थव्यवस्था आणि शासकीय योजनांचे वाचन सामाजिक संस्थांना आणि ग्रामविकासाच्या प्रकल्पांना उपयोगी असते.

पालकांना विनंती

मुलगा शेतात राबला, मुलीने आईबरोबर शिवणकाम केले, हे लपवावेसे वाटू देऊ नका. घरच्या कामाची लाज मुलांमध्ये आपल्याकडूनच उतरते आणि मग ती मुलाखतीत मान खाली घालून बसतात. बनावट अनुभव प्रमाणपत्र विकत घेऊ नका. पडताळणीत ते उघडे पडले की हातची नोकरी जाते. नोकरीची हमी देऊन आधी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. मुलाची दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करण्याऐवजी त्याने गेल्या तीन वर्षांत काय काय केले, ते त्याला विचारा. त्याला न आठवलेल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला आठवतील.

या रविवारी घरात एकत्र बसा, कोऱ्या वहीत मुलाने किंवा मुलीने केलेले प्रत्येक काम लिहून काढा, त्यातली पाच निवडा आणि मगच बायोडाटा छापायला जा.