अशक्य चित्रे आणि खेळण्यातील ठोकळे

मुलांच्या हाती प्लॅस्टिकचे ठोकळे दिसले की पालकांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो : निवासी शाळेत मुलाला पाठविले ते शिकण्यासाठी, की खेळण्यासाठी? प्रश्न रास्त आहे. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलाच्या प्रत्येक तासामागे कुणाचे तरी कष्ट असतात. म्हणूनच या ठोकळ्यांचा एकच उपयोग, परंतु तपशिलाने, आम्ही येथे मांडत आहोत.

डच चित्रकार एम. सी. एशर (१८९८-१९७२) यांनी कागदावर अशा वास्तू रेखाटल्या, ज्या डोळ्यांना पटतात आणि बुद्धीला पटत नाहीत. ‘बेल्व्हेडेअर’ (१९५८) या चित्रात वरच्या मजल्याच्या पुढच्या कडेला टेकलेले खांब खाली मात्र मागच्या कठड्यावर उभे आहेत. शिडीचे खालचे टोक इमारतीच्या आत, तर वरचे बाहेर. त्याच साली ब्रिटनमधील लायोनेल पेनरोज व त्यांचे पुत्र रॉजर यांनी मानसशास्त्राच्या एका नियतकालिकात अशक्य त्रिकोण आणि न संपणारा जिना यांविषयी टिपण प्रसिद्ध केले. (हेच रॉजर पेनरोज पुढे २०२० साली पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.) त्या टिपणावरून एशर यांना ‘चढण आणि उतरण’ (१९६०) व ‘धबधबा’ (१९६१) ही चित्रे सुचली. पहिल्यात गच्चीवरील जिन्यावर साधूंसारख्या वेशातील माणसे अखंड चढत आहेत, आणि पुन्हा जेथून निघाली तेथेच पोहोचत आहेत. योगायोग असा की, आज जगभर मुलांच्या हाती असलेल्या लेगो ठोकळ्याच्या रचनेचा पेटंट अर्जही डेन्मार्कमध्ये १९५८ मध्येच दाखल झाला.

पुढे ब्रिटनमधील अँड्र्यू लिप्सन व डॅनियल शिऊ या दोघांनी एशर यांची काही चित्रे याच ठोकळ्यांतून उभी केली. अशक्य वस्तू प्रत्यक्षात बांधता येत असेल, तर ती अशक्य कशी? सारा धडा या प्रश्नातच आहे. बांधलेली वस्तू अशक्य नसतेच. ती कोठेतरी तुटलेली असते, आणि एका विशिष्ट जागेवरून एका डोळ्याने पाहिल्यास ती तूट दिसत नाही, एवढेच. न संपणारा जिनाही प्रत्यक्षात एका ठिकाणी संपतो. तेथील सर्वांत वरची पायरी आणि सर्वांत खालची पायरी पाहणाऱ्याच्या दृष्टिरेषेत एकमेकींना चिकटल्यासारख्या भासतात.

आरंभ त्रिकोणापासून करावा. एक दांडा जमिनीवर आडवा, त्याच्या टोकाशी दुसरा उभा, आणि त्याच्या माथ्यावरून तिसरा पहिल्याशी काटकोन करून पुढे आलेला. तिन्हींची लांबी समान हवी, आणि हिशेबाची गंमत येथेच आहे. ठोकळ्यावरील दोन शेजारच्या उंचवट्यांच्या मध्यांतील अंतर ८ मिलिमीटर, तर ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर असते. दहा उंचवट्यांचा आडवा दांडा ८० मिलिमीटरचा झाला, तर तेवढीच उंची नुसत्या ठोकळ्यांनी साधत नाही : आठ ठोकळ्यांची ७६.८ आणि नवांची ८६.४. मात्र ३.२ मिलिमीटर जाडीची एक पट्टी आठ ठोकळ्यांवर चढविली की बरोबर ८० भरते. लसावि कशासाठी शिकायचा, असे विचारणाऱ्या मुलाला येथे उत्तर हाती लागते. तिसरा दांडा अधांतरी असल्याने खाली रुंद तळपट्टी हवी, नाहीतर सारे कोसळते.

आता पाहण्याची जागा. मोकळी राहिलेली दोन टोके घनाच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर येतात. त्यांना जोडणाऱ्या रेषेवर डोळा ठेवावा, म्हणजे बाजूने ४५ अंश आणि वरून सुमारे ३५ अंश. पुढचे टोक मागच्यावर येते आणि त्रिकोण जुळतो. मागचा दांडा पुढे आल्यासारखा दिसावा म्हणून पुढच्या टोकाची एक बाजू थोडी कमी करावी लागते. जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणून कॅमेरा दूर ठेवून झूम करावा. दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यास खोली कळते व भास ओसरतो. ठोकळे महाग आहेत हे आम्ही जाणतो. जाड पुठ्ठ्याचे दहा समान घन चिकटवूनही हाच प्रयोग होतो, आणि मग मिलिमीटरांचा घोळही उरत नाही.

दृष्टीला चकविणारी कला आपल्याला परकी नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका स्तंभशीर्षावर चार हरणे एकाच मस्तकात सामावली आहेत. ज्या धडाकडे पाहावे, मस्तक त्याचेच वाटते. संयुत्त निकायातील फेणपिंडूपम सुत्तात तथागतांनी संज्ञेला मृगजळाची, तर विज्ञानाला जादूच्या खेळाची उपमा दिली आहे. उपमा सर्वांना ठाऊक असतात. आम्हांला अधिक मोलाचे वाटते ते तेथील डोळस माणसाचे वागणे. तो खेळ पाहून हात जोडत नाही आणि पळूनही जात नाही. तो जवळ जाऊन नीट न्याहाळतो. गावोगावी हातचलाखीला चमत्कार म्हणून विकणारे आजही आहेत, आणि सुट्टीत घरी गेलेली आमची मुले त्यांच्यासमोर उभी राहतात. त्या वेळी पाठ केलेले उत्तर फारसे कामी येत नाही. ‘मला जरा बाजूने पाहू द्या’ एवढे म्हणण्याचे धैर्य हवे, आणि ते स्वतःच्या हातांनी एखादा भास रचलेल्या मुलाला अधिक सहज येते, असे आमचे मत आहे.

म्हणून प्रयोगवहीत नेहमी दोन छायाचित्रे चिकटवावीत. पहिले नेमक्या जागेवरून घेतलेले, ज्यात त्रिकोण अखंड आहे; दुसरे चार पावले बाजूला सरून, ज्यात तिसरा दांडा हवेत लोंबतो आहे. दोन्हींखाली कॅमेऱ्याचे अंतर आणि कोन लिहावा, म्हणजे पुढच्या वर्गाला तोच प्रयोग पडताळता येईल.