न्यूट्रल गेला की काय काय जातं

घरात नवा टीव्ही आला की शेजारीपाजारी ठरलेले प्रश्न विचारतात. केवढ्याला पडला, किती इंची आहे, वॉरंटी किती वर्षांची. तो ज्या प्लगात लावलाय तिथं दुपारी किती व्होल्ट येतात, हे कोणी विचारत नाही. नांदगावसारख्या गावात टीव्हीचं, राउटरचं, मोबाइलच्या चार्जरचं आयुष्य कंपनीच्या नावाइतकंच त्या प्लगवरही ठरतं. आमच्या गल्लीनं हे एका दुपारी पाहिलं. त्यानंतर वायरमन, टीव्ही दुरुस्तीवाले आणि हार्डवेअरवाले यांच्याकडून जे जे समजलं ते इथं मांडतो. तालुक्यात वळवाचा वारा दरवर्षीच सुटतो, तेव्हा कोणाच्या ना कोणाच्या कामी येईलच.

मे संपत आला की आमच्याकडं पाऊस दोन थेंब आणि वारा पत्रे उडवणारा. कांदाचाळीवरची ताडपत्री धरायला माणसं धावतात आणि हमखास लाईट जाते. त्या दुपारीही गेली आणि वारा पडल्यावर आली. पण आली ती वेगळीच. पंखा दोनवर ठेवलेला होता, तो पाचवर असल्यासारखा घोंघावत सुटला. देवघरातला झिरोचा बल्ब, जो एरवी जेमतेम समईइतका मिणमिणतो, तो पांढराफटक झाला. पाठोपाठ सेट टॉप बॉक्सच्या अ‍ॅडॉप्टरमधून ‘फट्’ असा आवाज आला आणि खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास पसरला. आईनं धावत जाऊन मेन स्विच पाडला. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या वहिनींचा आवाज, “काकू, तुमच्याकडं पण डिम आहे का हो? माझी इस्त्रीच तापत नाहीये.”

एकाच खांबावरून दोन्ही घरांना लाईट. एका घरात वस्तू फुटतायत आणि दुसऱ्या घरात इस्त्री गार. वायरमन आला, खांबाकडं नुसती मान वर केली आणि म्हणाला, “न्यूट्रलचा जंपर सुटलाय.” जंपर म्हणजे खांबावर तारा जोडणारा तुकडा.

गल्लीत एकूण नुकसान बरंच झालं. टीव्ही, राउटर, चार्जर, एकाचं वॉशिंग मशीन. संध्याकाळी ओट्यावर एकच निकाल लागला, “आजकाल मालच हलका येतो.” माल हलका असेलही. पण त्या दुपारी चांगल्या मालाचाही निभाव लागणं कठीण होतं.

नेमकं होतं काय

गल्लीच्या डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, चार तारा निघतात. तीन फेजच्या आणि एक न्यूट्रलची. कोणत्याही फेजपासून न्यूट्रलपर्यंत २३० व्होल्ट असतात, आणि एका फेजपासून दुसऱ्या फेजपर्यंत सुमारे ४००. साध्या घरगुती कनेक्शनला एक फेज आणि न्यूट्रल मिळतो. लोड सारखा वाटला जावा म्हणून आमचं घर एका फेजवर, तर शेजारचं दुसऱ्या.

न्यूट्रल शाबूत आहे तोवर प्रत्येक घर आपापल्या २३० व्होल्टवर सुखात असतं. तो मागं कुठं तुटला की आमच्या घरातून निघालेली वीज परतीची वाट शोधत शेजारच्या घरातून दुसऱ्या फेजकडं जाते. म्हणजे दोन्ही घरं एका माळेत ओवली जातात आणि माळेच्या दोन टोकांना ४०० व्होल्ट. ते निम्मे निम्मे वाटले जात नाहीत. ढोबळ हिशोब सांगतो. वहिनींची इस्त्री १००० वॅटची. आमच्याकडं टीव्ही, राउटर वगैरे मिळून १०० वॅट धरू. इस्त्रीचा विजेला होणारा विरोध कमी, आमच्या वस्तूंचा दहापट जास्त. आणि जिथं विरोध जास्त तिथं व्होल्टेज जास्त. ४०० मधले सुमारे ३६ व्होल्ट इस्त्रीच्या वाट्याला जातात आणि ३६४ टीव्हीच्या. प्रत्यक्षात गल्लीत बरीच घरं आणि तीन फेज असतात, त्यामुळे आकडे बदलतात, पण नियम तोच. ज्या फेजवर लोड कमी, तिथं वस्तू जळतात. काटकसरीनं एकच टीव्ही लावून बसलेलं घर भरडलं जातं आणि इस्त्री, गिझर चालवणारं वाचतं.

एवढ्या व्होल्टेजला चार्जर का फुटतो, हे दुरुस्तीवाल्यानं आमचा अ‍ॅडॉप्टर पेचकसानं उघडून दाखवलं. आत करंगळीच्या पेराएवढा एक काळा डबा असतो, कपॅसिटर. त्याचं सपाट टोपण फुगून वर आलं होतं, फुलीच्या खाचेतून उसवलं होतं आणि आजूबाजूला तपकिरी चिकटा सांडला होता. डब्यावर स्पष्ट छापलेलं, ४०० व्होल्ट. आपले २३० व्होल्ट आत डीसी होतात तेव्हा त्यांचं शिखर ३२५ च्या आसपास जातं, म्हणजे कपॅसिटरला थोडी उसंत उरते. बाहेरून ३६४ आले तर शिखर ५०० च्या वर जातं. मग डबा काय करणार? चार्जरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असं लिहिलेलं असतं, ते शोभेचं नव्हे.

कशानं काय वाचतं, कशानं नाही

या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज दुकानाच्या काउंटरवरच होतात, म्हणून एकेक सांगतो.

एमसीबी. ही जादा करंटला पडते, जादा व्होल्टेजला नाही. वायरिंग पेटू नये म्हणून ती हवीच, पण न्यूट्रल गेल्यावर टीव्ही वाचवणं तिचं काम नव्हे.

ईएलसीबी, म्हणजे हल्ली मिळणारा आरसीसीबी. करंट गळाला, म्हणजे कोणाला शॉक बसला, की तो पडतो. घरासाठी ३० मिलीअँपिअरचा घ्यावा. हा माणूस वाचवतो, वस्तू नाही. तरीही पैसे कमी असतील तर पहिला हाच बसवा.

स्पाइक गार्ड. पट्टीच्या आत व्हॅरिस्टर नावाची चकती असते. वीज कडाडली किंवा जवळ मोठी मोटर बंद झाली की क्षणभर जो झटका येतो, तो ती पिऊन टाकते. सलग मिनिटभर ३५० व्होल्ट आले तर ती स्वतःच तापून जाते. एलईडी बल्बच्या खोक्यावरचं ‘४ केव्ही सर्ज प्रोटेक्शन’ हेही क्षणाच्या झटक्याचंच बोलतं.

स्टॅबिलायझर. फ्रिजचा फ्रिजला, एसीचा एसीला. घेताना किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते खोक्यावर वाचा आणि ‘हाय कट’ आहे का हे विचारा. हाय कट नसलेला स्टॅबिलायझर जादा व्होल्टेज आल्यावर लाईन तोडत नाही.

इन्व्हर्टर. टीव्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं पुष्कळ जण समजतात. लाईट असते तेव्हा साधा घरगुती इन्व्हर्टर बाहेरचं व्होल्टेज जसंच्या तसं पुढं पाठवतो. मात्र बहुतेक इन्व्हर्टरला एक बटण असतं, सहसा मागच्या बाजूला. एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा वाइड. यूपीएसवर ठेवलं तर साधारण १८० ते २६० च्या बाहेर व्होल्टेज गेलं की तो बाहेरची लाईन तोडून बॅटरीवर जातो. नॉर्मलवर तो बरंच जास्त सोसत राहतो. टीव्ही, कॉम्प्युटर, राउटर त्या लाईनवर असतील तर बटण यूपीएसवर हवं. उन्हाळ्यात व्होल्टेज फार खाली जाऊन बॅटरी सारखी उतरत असेल, तर आधी वायरमनला दाखवा, बटण फिरवून वेळ मारून नेऊ नका.

अर्थिंग. शॉकसाठी आणि विजेच्या झटक्यासाठी अर्थिंग अत्यावश्यक आहे. आमच्या मुरमाड, कोरड्या जमिनीत उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं. पण खांबावर तुटलेल्या न्यूट्रलची जागा घरचं अर्थिंग घेऊ शकत नाही. न्यूट्रल गेल्यावर काही जण अर्थिंगची किंवा बोअरच्या केसिंगची वायर आणून दिवा लावतात. असलं कधीही करू नका. नळाला, फ्रिजच्या दाराला करंट उतरतो आणि माणूस जातो.

मग न्यूट्रलवर इलाज काय? ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीच्या शेजारी त्याच पट्टीवर बसणारी ही छोटी डबी असते. २७० च्या आसपास व्होल्ट गेले की क्षणात अख्ख्या घराची लाईन तोडते, आणि व्होल्टेज ठिकाणावर आल्यावर थोडा वेळ थांबून आपोआप जोडते. त्या थांबण्याचा फायदा फ्रिजलाही होतो, कारण कॉम्प्रेसरला लगेच चालू-बंद सोसत नाही. समोर आकडा दिसतो, त्यामुळे घरात किती व्होल्ट आहेत हे येताजाता कळतं. डबी घेताना ती किती अँपिअरची हे आपल्या मेन स्विचशी जुळवून पाहा, आणि लायसन्सवाल्या वायरमनकडूनच बसवा. चांगल्या मिक्सरच्या किमतीत ती बसवून होते. आमच्या गल्लीत आता बऱ्याच घरांत ती दिसते.

आकडा दिसायला लागला की तो वाचायचा कसा, तेही सांगतो. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा, त्यात ६ टक्के कमीजास्त चालतं. म्हणजे साधारण २१६ ते २४४. रोज संध्याकाळी आकडा १८० वर उतरत असेल तर ती तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे.

न्यूट्रल जाण्याआधी तो खुणा देतो

जंपर नेहमीच एका झटक्यात सुटत नाही. आधी सैल होतो, गंजतो, ठिणग्या टाकतो. मिक्सर लावला आणि दिवा जरा मंद झाला, तर ते लोडमुळे. पण मिक्सर लावल्यावर शेजारच्या घरातला दिवा जास्त उजळला, तर न्यूट्रल सैल आहे असं समजा. पंख्याचा वेग मनानं कमीजास्त होणं, संध्याकाळी खांबावर ठिणगी दिसणं, आपल्याकडं डिम आणि समोरच्याकडं भडक असणं, या सगळ्या त्याच्याच खुणा. घराच्या आतच न्यूट्रल तुटला असेल तर प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि तरी वस्तू चालत नाही. तेव्हा “लाईटच नाही” म्हणून हात लावायला जाऊ नये.

खूण दिसली की एकट्यानं फोन करून थांबू नका. १९१२ वर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा, आणि गल्लीतल्या पाच-दहा जणांच्या सह्यांचा अर्ज जवळच्या वीज कार्यालयात देऊन पोच घ्या. न्यूट्रल सगळ्यांचा असतो, त्यामुळे अर्जही सगळ्यांचा असलेला बरा. पावसाळ्याआधी दुरुस्तीची कामं निघतात, तेव्हा तो अर्ज उपयोगी पडतो.

विजांच्या दिवसांत पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं तयार केलेलं ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाइलमध्ये असू द्या. आसपास वीज पडण्याची शक्यता ते आधी कळवतं. सूचना आली की प्लग काढा, आणि छत्रीची, म्हणजे डिशची, केबलही टीव्हीतून काढा. वीज त्या वाटेनंही येते.

नुकसान झालंच तर

टीव्ही बंद पडला म्हणजे गेलाच असं नाही. जादा व्होल्टेजमध्ये बहुतेक वेळा पॉवर सप्लायचा बोर्ड मरतो. त्यातला फ्यूज, व्हॅरिस्टर, कपॅसिटर हे सुटे बदलता येतात. “पॅनल गेला” असं कोणी म्हणालं तर आधी सप्लाय तपासायला सांगा आणि काढलेले भाग परत मागा. आमच्या गल्लीतले काही टीव्ही असेच पुन्हा सुरू झाले. एकाचा वॉरंटीतला टीव्ही मात्र कंपनीच्या माणसानं जॉबकार्डावर ‘व्होल्टेज’ एवढा एकच शब्द लिहून नाकारला. वॉरंटी कार्डाच्या मागं बारीक अक्षरांत वीज पडणं, व्होल्टेज, उंदरांनी वायर कुरतडणं, हे वगळलेलं असतं. पाच वर्षांच्या वॉरंटीवर भाळण्याआधी ती बाजू वाचा. एक्स्टेंडेड वॉरंटी विकत घेत असाल तर व्होल्टेजचं नुकसान धरलंय का, हे लेखी घ्या.

कागदपत्रांचं म्हणाल तर पक्कं बिल हवं, वस्तूच्या मागच्या लेबलचा फोटो हवा, जळालेल्या भागाचा फोटो हवा आणि दुरुस्तीवाल्याचं लेखी निदान हवं. पुरवठ्याच्या दोषामुळे नुकसान झालं असेल तर आधी वीज कंपनीकडं लेखी मागणी, तिथं दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल. वीज कायदा २००३ मध्येच ही सोय आहे. वस्तूच्या किंवा वॉरंटीच्या तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हापासून ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. विकणारी कंपनी बंगळूरूची असली तरी नांदगावकराला नाशिक पुरतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी नाही.

नवा चार्जर किंवा अ‍ॅडॉप्टर घेताना त्यावर ‘आर’ पासून सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक शोधा. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो टाकला की खरा की छापील ते कळतं. बाजारच्या दिवशी पथारीवर मिळणाऱ्या चार्जरवर बहुधा काहीच नसतं, किंवा असतं ते कुठं नोंदलेलं नसतं.

आणि शेवटचं म्हणजे घरातल्या प्रत्येकाला, शाळेतल्या पोरांपासून आजीपर्यंत, मेन स्विच कुठं आहे आणि कसा पाडायचा हे दाखवून ठेवा. पंखा घोंघावला किंवा दिवा अचानक भडकला की प्लग उपसत बसू नका, टीव्हीला हात लावू नका. थेट मेन पाडा, मग शेजाऱ्यांना हाक मारा, मग १९१२. न्यूट्रल जोडला गेल्यावर वायरमनला मीटरवर व्होल्ट मोजायला लावा, आणि आकडा २३० च्या आसपास दिसल्याशिवाय मेन वर करू नका.