खांद्याच्या बिलातला जादा अँकर

रोटेटर कफ (खांद्याला वेढणाऱ्या कंडरांचा पट्टा) फाटलाय, दुर्बिणीतून शिवावा लागेल, असं ठरलं की घरची मंडळी पहिलं विचारतात ते पॅकेज. मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांत ते साधारण दीड ते तीन लाखांच्या घरात असतं. पण त्या आकड्यात बायसेप्सचं काय धरलंय, हे विचारायचं राहून जातं.

बायसेप्सची लांब कंडरा खांद्याच्या सांध्यातूनच जाते. कफ फाटलेला असला की तीही बऱ्याचदा झिजलेली, सुजलेली किंवा खोबणीतून सरकलेली निघते. एमआरआयमध्ये हे सगळं दिसतंच असं नाही. दुर्बीण आत गेल्यावरच नक्की कळतं, आणि तेव्हा तुम्ही भुलीखाली असता. म्हणून सही करण्याआधीच विचारा, "डॉक्टर, बायसेप्स खराब निघाली तर काय कराल, आणि त्याचे वेगळे किती लागतील?"

कंडरा चांगली असेल तर तिला हात लावत नाहीत. खराब असेल तर दोन मुख्य वाटा. टेनोटॉमीत ती मुळाशी कापून सोडून देतात. काम काही मिनिटांचं, आत काही बसवायचं नाही, त्यामुळे इम्प्लांटचा जादा खर्च शून्य. टेनोडेसिसमध्ये कापलेली कंडरा दंडाच्या हाडावर पुन्हा बसवतात. त्याला अँकर (कंडरा हाडाला धरून ठेवणारी दोऱ्याची छोटी खुंटी) किंवा स्क्रू लागतो, वेळही वाढतो. मात्र काही सर्जन कफसाठी घातलेल्या अँकरच्याच दोऱ्यात ती ओवतात किंवा शेजारच्या मऊ भागाला शिवतात. मग नवा अँकर लागत नाही. हे तुमच्या बाबतीत जमेल का, हा प्रश्न पैशांच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा आहे. एक अँकर ₹२५,००० चा धरला आणि कफला तीन लागले, तर बिलात नुसत्या अँकरचे ₹७५,००० होतात. चौथा आला की लाख.

स्वस्त म्हणून टेनोटॉमी कमी दर्जाची, असं समजू नका. वेदना आणि हाताची हालचाल यांत दोन्हींचे निकाल बरेचसे सारखे येतात. टेनोटॉमीत बेटकुळी खाली सरकून गोळा दिसण्याची शक्यता जास्त, आणि काहींना दंडात पेटके येतात. सत्तरीतल्या, भरल्या दंडाच्या माणसाला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण सुतार, फिटर, शेतात राबणारा किंवा व्यायाम करणारा चाळिशीतला माणूस असेल, तर अँकरचे पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. स्क्रू पिळताना तळहात वर फिरवायची ताकद मुख्यतः बायसेप्स देते. टेनोटॉमीनंतर हात लवकर मोकळा होतो, हा फायदा इथे जवळजवळ उरत नाही. कफ शिवल्यावर चार ते सहा आठवडे झोळी लागतेच.

अंदाजपत्रक दोन आकड्यांत मागा: बायसेप्सला काही न करता आणि टेनोडेसिस धरून. अँकर किती, कोणत्या कंपनीचे, एकाची एमआरपी काय, हे त्यावर लिहून घ्या. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर २०१७ मध्ये सरकारने कमाल मर्यादा घातली. खांद्याच्या अँकरला तसं संरक्षण नाही. त्यामुळे घासाघीस इथेच करायची, आणि ती करण्यात संकोच नको.

विमा असेल तर टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने दावे पाहणारी संस्था) मंजुरी टेनोडेसिससकट मागवा, नाहीतर जादा अँकरवरून नंतर वाद होतो. पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली, तर सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर यांचे पैसेही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात. इम्प्लांटवर मात्र अशी कपात करता येत नाही. खांद्याचा इमोबिलायझर बहुतेक पॉलिसींत मिळत नाही, तो खिशातूनच. फिजिओथेरपी महिनोन्‌महिने चालते, पण डिस्चार्जनंतरचा खर्च अनेक पॉलिसी साठ दिवसांपर्यंतच देतात.

घरी निघताना प्रत्येक अँकरचा स्टिकर बिलाला किंवा फाइलला लावलाय का ते मोजून पाहा. डिस्चार्ज कार्डावर टेनोटॉमी की टेनोडेसिस हे स्पष्ट लिहून घ्या. टेनोडेसिस झाली असेल तर सुरुवातीचे काही आठवडे कोपर वाकवून वजन उचलायचं नसतं, आणि फिजिओथेरपिस्टला ते त्या कार्डावरूनच कळतं.