सोडलेली हवा भरायची कशी?

चि. रोहन,

नवी गाडी घेऊन अबुधाबीकडच्या लिव्याच्या वाळूत जायचं ठरवलंयस, हे ताईकडून कळलं. तिला काळजी तुझ्या जेवणाखाण्याची, मला टायरमधल्या हवेची.

वाळूत शिरण्याआधी 35 पीएसआयवरून 16 पर्यंत उतरायचं, टायर पसरला की गाडी रुतत नाही, हे तुला कुणीतरी शिकवलं असेलच. हवा सोडायला अक्कल लागत नाही. पण तसल्याच टायरवर डांबरी रस्त्यावर शंभरने सुटलास, तर टायरची बाजू सारखी दुमडून तापते आणि फुटते. अबुधाबी तिथून दोनशे किलोमीटरहून लांब, आणि रुब अल खाली वाळवंटाच्या कडेला आपला चौकातला पंक्चरवाला काही बसलेला नाही.

म्हणून हवा परत भरायची सोय सोबतच हवी. दुकानात तुला हवेची टाकी दाखवतील, 19 लिटरची, 120 पीएसआयची. तिच्या आकाराला भुलू नकोस, हिशेब कर. दाब 120 वरून 35 वर येईतो तिच्यातून जेमतेम 110 लिटर हवा मिळते. तुझ्यासारख्या गाडीचा एकच टायर 16 वरून 35 वर न्यायला 80-90 लिटर लागते. म्हणजे दुसऱ्या टायरलाच टाकीने मान टाकली! कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर भराभर काम करतो, हे खरं. पण उन्हात तापलेल्या गाडीत त्याचा दाब चढत जातो, बंद काचांत गळला तर जीव गुदमरतो, आणि संपला की नुसतं ओझं.

तू आपला 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर घे, थेट बॅटरीला चिमटे लावायचा. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचं खेळणं नको, एवढ्या टायरांपुढे त्याचा निभाव लागत नाही. भरताना इंजिन चालू ठेव. कॉम्प्रेसर वाळूवर ठेवू नकोस, खाली चटई घाल, नाहीतर हवेबरोबर वाळूही आत ओढली जाते. मधेच तापून आपोआप बंद पडला तर आपटू नकोस, निवू दे. नोझल काढताना हाताशी फडकं असू दे, पितळेचं टोक चांगलंच पोळतं. टायर तापलेले असताना गेज जास्त दाखवतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरवर पुन्हा मोज.

आणि एकटा जाऊ नकोस, सोबत दुसरी गाडी हवीच.

येत्या शनिवारी घराखालच्या पार्किंगमध्येच चारही टायर 16 वर आणून परत भरून बघ. नळी मागच्या चाकापर्यंत पोचते का आणि एकूण किती वेळ लागला, ते मला फोनवर सांग. मगच लिव्याचं बघू.

तुझा,
मामा