हापसा आणि परदेशवारी

अकरावी-बारावीच्या वर्गात हल्ली एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो. "सर, दुष्काळ पडलेल्या, भूकंप झालेल्या देशांत इंजिनियर म्हणून मदतीला जाता येते का? त्यासाठी काय करावे लागते?" प्रश्न चांगला आहे आणि उत्तर 'होय' असेच आहे. परंतु पत्ते सांगण्यापूर्वी मी तुम्हाला एका यंत्राकडे नेणार आहे. ते तुमच्या गावात, निदान आजोळी तरी बहुधा असेलच. ते यंत्र म्हणजे हापसा.

१९६६-६७ साली बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला. पुढे युनिसेफच्या मदतीने कठीण खडक भेदणारी यंत्रे आपल्याकडे आली, ठिकठिकाणी विंधन विहिरी घेतल्या गेल्या आणि त्यांवर बिडाचे हातपंप बसले. हे पंप म्हणजे युरोप-अमेरिकेतील घरगुती पंपांच्या नकला होत्या. तेथे एक कुटुंब दिवसातून काही बादल्या काढी. येथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव दांडा हलवीत असे. १९७० च्या दशकाच्या मध्यास पाहणी झाली, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले. पैसा होता, हेतू चांगला होता, जमिनीत पाणीही होते. पण पंप किती माणसे किती वेळ वापरणार, हा हिशेब रचनेत नव्हता.

यातून वाट निघाली ती आपल्या महाराष्ट्रात. जालन्यातील मिशनच्या लोकांनी अनेक सांध्यांचा बिडाचा दांडा टाकून पोलादी, एकाच टेकूवर हलणारा दांडा केला. सोलापूरला त्याच धर्तीवर अधिक टिकाऊ पंप तयार झाला. त्याच्या आधारे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क टू' हा पंप सिद्ध झाला आणि पुढे तो आफ्रिकेतील अनेक देशांतही गेला.

आता त्यातले भौतिकशास्त्र पाहा. पाणी नुसते ओढून घेणारा पंप हवेच्या दाबावर चालतो, म्हणून सुमारे १० मीटरपलीकडे त्याचे काही चालत नाही. मार्क टूमध्ये दट्ट्या खाली, पाण्यातच असतो आणि पाणी उचलून वर आणतो. नळकांड्याचा आतील व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस सेंटिमीटर. पाणी ३० मीटर खोल असेल तर दट्ट्यावर सुमारे ९५ किलो पाण्याचा भार येतो. त्यात १२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी सळईचे सुमारे २७ किलो मिळवा. एवढे ओझे दहा वर्षांची मुलगी कसे उचलते? दांड्याच्या तरफेचे गुणोत्तर ८ ला १ आहे, म्हणून तिला सुमारे १५ किलोंचेच बळ लावावे लागते. दांड्याच्या स्वतःच्या वजनाचीही तिला मदत होते. दांड्याचे टोक वर्तुळाच्या कंसात फिरते, पण सळई सरळच वर यायला हवी. त्यासाठी मध्ये एक साखळी घातली आहे. साखळी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. सळई खाली जाते ती आपल्याच वजनाने. इतकी साधी युक्ती!

याच्या उलट उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले. तेथे मुलांच्या फिरत्या चक्राला पंप जोडण्याची कल्पना निघाली. मुले खेळतील आणि टाकी भरेल! २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी कोट्यवधी डॉलरची मदत जाहीर झाली. एक पंप २,५०० माणसांना पुरेल असे सांगितले जाई आणि ताशी पाणी सांगितले जाई १,४०० लिटर. माणशी रोज १५ लिटर धरा. ३७,५०० ला १,४०० ने भागा. उत्तर जवळजवळ २७ तास येते! दिवस मात्र २४ तासांचाच आहे. हा भागाकार आठवीचा विद्यार्थीही करील. एखाद्या प्रकल्पात आपली सुट्टी आणि वडिलांचे पैसे घालण्यापूर्वी तो तुम्ही करावा, हे माझे सांगणे. पैसे घेऊन दोन आठवड्यांत 'सेवा' घडवून आणणाऱ्या संस्थाही जगात आहेत. त्यांना एकच विचारा: मी परतल्यावर बिघाड झाला, तर दुरुस्ती कोण करणार?

ज्यांच्याकडे याचे उत्तर असते, अशा जागा थोड्या पण खऱ्या आहेत. कोलोराडो विद्यापीठातील स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक बर्नार्ड अमादेई यांनी बेलिझ देशातील एका खेड्यात विद्यार्थ्यांसह पाण्याची योजना उभारली आणि त्यातून २००२ मध्ये 'इंजिनियर्स विदाउट बॉर्डर्स-यूएसए' निघाली. तिच्या गटांनी एका गावाशी निदान पाच वर्षे संबंध ठेवावा अशी अपेक्षा असते. 'रेडआर' ही संस्था पीटर गुथरी या ब्रिटिश इंजिनियरने निर्वासितांच्या छावणीतील अनुभवावरून १९८० मध्ये काढली. तिची भारतीय शाखा पुण्यात आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्वयंसेवक योजनेत वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर अर्ज करता येतो. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी १९४८ पासून 'आयएस्टे' ही परदेशी प्रशिक्षणाची देवघेव चालवते. तिचे काम भारतात मणिपालहून चालते. राहण्याजेवण्यापुरते विद्यावेतन मिळते, प्रवासखर्च मात्र आपला. सगळे काम मदतकार्याचे नसते, पण परक्या कार्यशाळेत वावरण्याची सवय होते, आणि ती फार उपयोगी.

आणि आणखी एक गंमत. आपली मुले बाहेर पाहतात, तर बाहेरची मुले पुणे जिल्ह्यातील पाबळला येतात! डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती हे सारे हातांनी शिकवले जाते. अर्जात 'मला समाजसेवेची आवड आहे' हे वाक्य सगळेच लिहितात. 'मी तीन महिने एका पंपाची नोंद ठेवली' हे लिहिणारा विरळा.

ती नोंद आजपासूनच करता येईल. शिक्षकांनी चौघा-चौघांचे गट करावेत. भर गर्दीच्या वेळी मात्र जाऊ नये. बाया घागरी घेऊन खोळंबतात. दांडा ४० वेळा पूर्ण हलवून बादलीत किती लिटर पाणी आले ते मोजा. दट्ट्या १२५ मिलिमीटर सरकतो, तेव्हा हिशेबाने सुमारे १६ लिटर यावे. फारच कमी आले, तर दट्ट्याची चामडी किंवा रबरी वाटी झिजली असावी. मग अर्धा तास पंपाला हात लावू नका आणि कितव्या हेलकाव्याला पाणी आले ते लिहा. हा आकडा दर आठवड्याला वाढत गेला, तर तळाची झडप किंवा नळाचा एखादा सांधा गळतो आहे. वही घेऊन ग्रामपंचायतीत जा, दुरुस्ती कोण करतो ते विचारा आणि तक्रार केल्यापासून तो येईपर्यंत किती दिवस गेले तेही त्याच वहीत लिहा.

जाता जाता एक कोडे. पाणी अगदी वर, आठ-दहा मीटरवरच असेल, तर मार्क टू चालवताना साखळी मध्येच सैल पडून धक्के बसतात. असे का व्हावे?