आरोग्य-पाठ : मूळव्याध

उसावर तांबेरा दिसला की आपण दुसऱ्याच दिवशी पान खुडून शेतकी ऑफिसात आणतो. शौचाला रक्त पडले तर मात्र वर्षानुवर्षे घरातसुद्धा बोलत नाही. बायाबापड्या तर नाहीच. आमच्यातल्याच एका सभासदाने दोन हंगाम हे अंगावर काढले. चालताना दम लागू लागला तेव्हा तपासले. हिमोग्लोबिन ६ वर आलेले. रक्त चढवावे लागले.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सर्वांनाच असतात. कुंथून कुंथून त्या फुगतात, खाली सरकतात, तेच मोड. पहिल्या पायरीत नुसते रक्त. दुसरीत मोड बाहेर येतो नि आपोआप आत जातो. तिसरीत बोटाने सारावा लागतो, चौथीत जातच नाही. आतल्या मोडाचे रक्त लालभडक असते आणि सहसा दुखत नाही. म्हणूनच माणूस गप्प बसतो. काचेने चिरल्यागत दुखले तर ती बहुधा भेग. कडेला एकाएकी निळसर, टणक, दुखरी गाठ आली तर मोडात रक्त गोठलेले असते; दोन-तीन दिवसांच्या आत दाखवावे.

पण रक्त पडले म्हणजे मूळव्याधच, असे घरच्या घरी ठरवू नका. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते. रक्त शौचात मिसळलेले, वजन घटलेले, शौचाची सवय बदललेली, किंवा वय चाळिशीपुढचे असेल तर दुर्बिणीच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

पहिल्या दोन पायऱ्यांना बहुधा चाकू लागत नाही. भाकरी, पालेभाजी, मटकी, पेरू यांतून दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जावा. इसबगोल घेतल्यास पाणी भरपूर प्यावे. कुंथू नये, संडासात मोबाईल घेऊन बसू नये. कोमट पाण्याच्या टबात १०-१५ मिनिटे बसल्याने आराम पडतो. एवढ्याने न भागल्यास डॉक्टर मोडाच्या बुडाशी रबरी कडे चढवतात. रक्त तुटून मोड आठवड्या-दीड आठवड्यात गळतो. मोठ्या मोडांना ऑपरेशन. लंडनच्या मिलिगन व मॉर्गन यांनी १९३७ साली मांडलेली पद्धत आजही चालते.

स्टँडच्या भिंतीवरच्या 'विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज' या पाटीमागे जाऊ नका. जाळणारे औषध चुकीचे टोचले तर शौचाची वाट आकसते, मग काही केल्या शौच सुटत नाही.

ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे शेतात उभे राहवत नाही. तेव्हा तोडीच्या तारखेचा मेळ चिटबॉयशी आधीच घालून घ्यावा.