दरवाढीची टक्केवारी : कोठून कोठपर्यंत?



उसाचा दर किती वाढला, हा प्रश्न वार्षिक सभेत निघतोच. एकजण उठून सांगतो, आठ टक्के. दुसरा म्हणतो, छे, वीस टक्के. दोघांच्याही हातात कागद असतो आणि दोघांचाही हिशेब बरोबर निघतो. असे का होते, ते आपण या पाठात पाहू.

आधी रीत पक्की करू. नव्या आकड्यातून जुना वजा करा, आलेल्या फरकाला जुन्या आकड्याने भागा आणि १०० ने गुणा. भागायचे ते जुन्याच आकड्याने. एकरी ऊस ४० टनांवरून ३० वर आला तर घट २५ टक्के. तोच ३० वरून परत ४० वर नेला तर वाढ मात्र ३३.३३ टक्के. टन तेच दहा, पण भागणारा आकडा बदलला.

पहिली खूण : सुरुवात कोठून धरली?

केंद्र सरकारने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपली एफआरपी, टनाला अशी होती :

२०१६-१७ : २,३०० रुपये
२०१७-१८ : २,५५० रुपये
२०१८-१९ : २,७५० रुपये
२०१९-२० : २,७५० रुपये

२०१७-१८ पासून २०१९-२० पर्यंत वाढ २०० रुपये, म्हणजे ७.८४ टक्के. सुरुवात एकच वर्ष मागे नेली, तर वाढ ४५० रुपये, म्हणजे १९.५७ टक्के. आणि शेवटची दोनच वर्षे धरली तर वाढ शून्य! म्हणून टक्का ऐकला की आधी विचारावे, "कोणत्या हंगामापासून कोणत्या हंगामापर्यंत?"

दुसरी खूण : दोन्ही वर्षांचे माप एकच आहे का?

२०२१-२२ ला एफआरपी २,९०० रुपये होती, ती १० टक्के पायाभूत उताऱ्याला. २०२२-२३ ला ३,०५० झाली, पण पायाभूत उतारा १०.२५ टक्के केला. वरवर वाढ ५.१७ टक्के दिसते. आता ज्या कारखान्याचा उतारा दोन्ही वेळी ११.२५ टक्के धरला, त्याचा हिशेब करू. पायावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला पहिल्या वर्षी २९ रुपये मिळत, दुसऱ्या वर्षी ३०.५० रुपये.

२०२१-२२ : २,९०० + (१२.५ × २९) = ३,२६२.५० रुपये
२०२२-२३ : ३,०५० + (१० × ३०.५०) = ३,३५५ रुपये

फरक ९२.५० रुपये, म्हणजे २.८४ टक्के. जाहीर वाढ दीडशेची, पण हिशेबात शंभरही भरत नाहीत. त्यातूनही तोडणी-वाहतूक वजा होते, ती वेगळी. खत, डिझेल आणि मजुरीची वाढ ताडून पाहायची असेल, तर या दुसऱ्या टक्क्याशी ताडावी.

तिसरी खूण : दिवस जुळतात का?

हंगामाच्या सुरुवातीला उतारा कमी असतो, थंडीत ऊस पक्व होतो तसा तो चढतो. यंदाचा फेब्रुवारीचा उतारा गेल्या डिसेंबरशी लावला तर वाढ दिसणारच. डिसेंबर डिसेंबरशी लावावा. तसेच अहवालातला 'आजचा' उतारा आजच्याशी आणि 'आजअखेर'चा आजअखेरशीच जुळवावा.

घरी करून पाहा

२०१७-१८ ची २,५५० रुपये एफआरपी ९.५ टक्के उताऱ्याला होती, पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २६.८० रुपये. २०१८-१९ ची २,७५० रुपये १० टक्क्यांना होती. ज्या कारखान्याचा उतारा दोन्ही वर्षी बरोबर १० टक्के, त्याच्या सभासदाला खरी वाढ किती?

उत्तर : २,५५० + १३४ = २,६८४. फरक ६६ रुपये, म्हणजे २.४६ टक्के, ७.८४ नव्हे.

घरातल्या शाळकरी मुलांकडूनही हे गणित सोडवून घ्यावे. पुढच्या सभेला येताना मागची बिले बरोबर आणावीत, म्हणजे टक्का कोणी का सांगेना, पडताळा आपल्याच हाती राहील.